बर्फ सपाट करणारी बाई

रात्री दहाला रिंक बंद होते.
मग मी गाडी काढते, बर्फ खरवडत,
मागे गरम पाणी सोडत गोल गोल फिरते.
दिवसभराचे ओरखडे बुजतात.
बावीस वर्षं हेच करतेय मी, इथं केमीत,
जिथं जानेवारीतला सूर्य
कंटाळलेल्या मास्तरासारखा
हजेरी घेऊन लगेच निघून जातो.

मागच्या भिंतीशी खरवडलेल्या बर्फाचा ढीग असतो.
त्यात मुलं बाटल्या पुरून ठेवायची.
मला माहीत होतं.
हे आधीच सांगून टाकते,
नंतर सांगायला जमायचं नाही.

एकदा विचारलं होतं, कशाला रे पिता?
तूक्का म्हणाला, मग दुसरं काय आहे या गावात?
सेन्या जरा थांबून म्हणाली,
दोन घोटांनंतर माझा आवाज
माझ्याच घशातून येतो.
नीलो काहीच बोलला नाही.
तो पंधराचा, संघात नवा.
बाटली हातात आली की पुढं द्यायची,
पण मधे एक घोट घ्यायचा:
त्या घोळक्यात उभं राहायचं भाडं.
भाडं वाढत गेलं.
नाताळापर्यंत तो अभिमानानं सांगायला लागला,
आता मला लवकर चढत नाही.

शाळेत एक बाई यकृताचं चित्र घेऊन आल्या होत्या.
मुलांनी यकृताला मिशा काढल्या.
घरी नीलोचा बाप, कागदाची गिरणी बंद पडल्यापासून,
दुपारीच पेला भरायचा.
त्याला सगळे 'जरा पडलाय' म्हणायचे.

आणि मी?
मीही पंधराव्या वर्षी तळ्याकाठी प्यायले होते,
रात्र न होणाऱ्या जूनमध्ये, एका होडीत.
मला काही झालं नाही.
मी वाचले, म्हणजे सगळेच वाचतात,
असा माझा हिशोब.
आमच्या वर्गातला एक त्या तळ्यातच राहिला,
त्याला मी हिशोबात धरलंच नव्हतं.

त्या रात्री उणे बावीस होतं.
सामना जिंकले होते.
कुणाच्या तरी मोठ्या भावानं बाटल्या आणून दिल्या.
नीलोला उकडायला लागलं म्हणे,
त्यानं टोपी काढली, मग हातमोजे.
बाकीच्यांना वाटलं, घरी गेला.
सेन्याला तसं वाटलं नव्हतं.
पण फोन केला असता तर सगळेच सापडले असते,
म्हणून तिनं तो खिशात घट्ट धरून ठेवला,
घरापर्यंत.

डॉक्टर नंतर म्हणाले,
दारू ऊब देत नाही हो.
आतली ऊब काढून कातडीवर आणून मांडते,
चुलीसकट सगळं घर अंगणात मांडावं तशी.
अंगणात किती वेळ टिकणार?

मी शेवटची फेरी संपवून
गाडीतला चुरा ओतायला मागं गेले.
कप्पा उघडायच्या बटणावर बोट होतं.
दिव्याच्या उजेडात आधी एक मोजा दिसला.
मग तो. भिंतीला टेकून,
झोपेत असतं तसं तोंड अर्धं उघडं.
मांडीशी बाटली.
त्या थंडीत माझ्या पापण्या गोठत होत्या,
बाटलीतली दारू गोठली नव्हती.
मी त्याला हलवलं तेव्हा
आधी तीच हलली.

वाचला.
उजव्या हाताची तीन बोटं गेली.

आता येतो कधीकधी.
खेळत नाही, वरच्या बाकावर बसतो.
मी काळ्या मनुकांचा गरम रस देते,
तो डाव्या हातानं घेतो.
परवा म्हणाला, गाडीत बसू?
बसवलं शेजारी.
दोन फेऱ्या झाल्या, काही बोलला नाही.
तिसऱ्या वळणावर, समोर बघत:
"ढिगातल्या बाटल्या तुला माहीत होत्या ना?"

डोळ्यांवर ओढलेलं कातडं
इतक्या वर्षांनी सोलून निघतं तेव्हा दुखतं.
हो, म्हटलं.

"मग?"

गाडी पुढं जात राहिली.
टाकीतलं पाणी कधी संपलं, कळलं नाही.
सकाळी मुलं विचारत होती,
अर्धी रिंक अशी खरबरीत का?